इको बंद करा, माणसाचं ‘नाही’ ऐकू येऊ द्या

पोस्ट मोठी आहे. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा: ग्रामसभा असो, जनसुनावणी असो, पालकसभा असो, माणूस बोलायला उभा राहिला की मिक्सरवरचा इको शून्यावर आणा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात एका प्रकल्पाची जनसुनावणी होती. गाव आणि प्रकल्प दोन्ही सांगत नाही. नाव घेतलं की कॉमेंटमध्ये समर्थक आणि विरोधक सुरू होतात आणि मूळ विषय राहतो बाजूला. पत्र्याचा मंडप, तिन्ही बाजूंनी उघडा. स्टेजवर अधिकारी, समोर चार-पाचशे माणसं, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे बॉक्स. सत्तरीचे एक काका उठले. टोपी सारखी केली, माईक दोन्ही हातांनी धरला आणि बोलायला लागले. बोलले दोनेक मिनिटं. मंडपात ऐकू आलं ते असं: “मी मी मी सांगतो तो तो तो की आमची ची ची ची...” मागे पोरं हसायला लागली. काका गांगरले. आपलाच आवाज आपल्या मागून धावत येतोय म्हटल्यावर कुणीही गांगरेल. ते थांबले, परत बोलले, परत थांबले. स्टेजवरून “ठीक आहे, नोंद घेतली” असं झालं आणि माईक पुढच्या माणसाकडे गेला.

मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. रात्री घरी बसून ते दोन मिनिटांचं बोलणं दहा-बारा वेळा ऐकलं. एक आकडा होता, गुंठ्यांचा. मला ‘साठ’ ऐकू आलं, मी साठ छापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. “अवो भाऊ, साठ गुंठं असतं तं मी कशाला बोंबललो असतो? सात! सात गुंठं! त्यावरच घर हाय आनि चार कलमं हायत.”

सात आणि साठ. एका व्यंजनाचा फरक. दुरुस्ती छापली, चौथ्या पानावर, खाली, दोन ओळी. कुणी वाचली असेल असं वाटत नाही. नंतर त्या सुनावणीचं इतिवृत्त हातात आलं तेव्हा काकांच्या दोन मिनिटांची एक ओळ झालेली होती: ‘मोबदल्याबाबत विचारणा केली.’ काका मोबदल्याबद्दल बोललेच नव्हते. ते म्हणाले होते, जमीन देणार नाही.

लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मी तिथे पहिल्या रांगेत होतो आणि मलाही साठच ऐकू आलं होतं. माझा राग दुसऱ्यावर आहे. त्या मंडपाला भिंती नव्हत्या. उघड्यावर आवाज परत यायला काही लागतच नाही. म्हणजे जे काही घुमत होतं ते सगळं मिक्सरवरच्या एका बटणातून येत होतं. कुणीतरी ते बोटाने फिरवून ठेवलं होतं आणि दिवसभरात एकालाही ते मागे फिरवावंसं वाटलं नाही. मलाही नाही, हे आधीच कबूल करतो. तेव्हा मला ते बटण माहीतच नव्हतं.

मग माहीत करून घेतलं. ओळखीचा एक साऊंडवाला आहे, त्याच्या गोडाऊनमध्ये दोन-तीन संध्याकाळी बसलो. जे समजलं ते सांगतो, कारण हे समजल्याशिवाय भांडता येत नाही. “साहेब, तांत्रिक अडचण आहे” म्हटलं की आपण गप्प बसतो.

आपण सरसकट ज्याला इको म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक डिले, दुसरा रिव्हर्ब.

डिले सोपा आहे. यंत्र तुमचा आवाज क्षणभर साठवतं आणि परत सोडतं. किती वेळाने सोडायचं ते ‘टाइम’. सोडलेला आवाज परत यंत्रात किती घालायचा ते ‘फीडबॅक’. (माईक बॉक्ससमोर आला की कूंऽऽ करून शिट्टी वाजते त्यालाही फीडबॅकच म्हणतात, पण इथे ते बटणाचं नाव आहे.) मूळ आवाजात ही नक्कल किती मिसळायची ते ‘मिक्स’ किंवा ‘लेव्हल’. आता हिशोब करा. टाइम ३०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे तीन दशांश. फीडबॅक निम्मा. प्रत्येक नक्कल आधीच्या निम्म्या जोराची. दहाव्या नकलेला आवाज हजाराव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे व्यवहारात संपतो. दहा गुणिले तीन दशांश, झाले तीन सेकंद. एका शब्दाची शेपटी तीन सेकंद! फीडबॅक सत्तर टक्के केला तर तीच शेपटी सहा सेकंदांच्या जवळ जाते. बटण पूर्ण फिरवलं तर ती मरतच नाही, वाढत जाते. साधं बोलताना माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे काका पुढचं वाक्य बोलत असताना मागच्या वाक्यातले दहा-पंधरा तुकडे मंडपात फिरत असतात.

हे यंत्र पूर्वी टेपचं असायचं. टेपवर आवाज भरायचा आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या हेडवरून वाचायचा. रोलँड कंपनीचा १९७४ सालचा स्पेस इको त्यासाठी जगभर गाजला. आता स्वस्तातल्या कराओके सेटमध्ये आणि बऱ्याच इकोवाल्या मशिनींमध्ये पीटी २३९९ नावाची बोटाच्या पेराएवढी चिप असते. तैवानच्या प्रिन्स्टन कंपनीची. काही रुपयांत मिळते. एवढी स्वस्त झाली म्हणूनच ती आज गावागावात, देवळादेवळात आहे.

रिव्हर्ब थोडा वेगळा. त्यात सुट्या नकला ऐकू येत नाहीत. विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज जसा भरून येतो, तसं. खरोखरच्या खोलीत आवाज भिंतीवर, छतावर, जमिनीवर आपटून हजारो वाटांनी कानाशी येतो आणि हळूहळू विरतो. यंत्र त्याची नक्कल करतं. चिप यायच्या आधी स्टुडिओवाले यासाठी काय काय करायचे ते ऐकून मी थक्क झालो. जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ साली दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत टांगला. त्याला आवाजाने थरथरवायचं आणि ती थरथर परत पकडायची. म्हणून आजही मिक्सरवर रिव्हर्बच्या एका प्रकाराचं नाव ‘प्लेट’ आहे. पुढे हे आकडेमोडीतून कसं करायचं ते मॅनफ्रेड श्रोडर या शास्त्रज्ञाने बेल लॅब्समध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. आपल्या मंडळाच्या मिक्सरमधला ‘हॉल’ त्याच घराण्यातला.

रिव्हर्बवर मुख्य बटण ‘डिके’ किंवा ‘टाइम’, म्हणजे आवाज विरायला किती सेकंद लागावेत. दुसरं ‘प्री-डिले’. मूळ शब्द निघाल्यावर घुमणं किती उशिराने सुरू व्हावं, ते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित बटण हेच. वीस-तीस-चाळीस मिलिसेकंदांची फट ठेवली तर शब्दाचं पहिलं व्यंजन स्वच्छ निघून जातं आणि घुमणं मागून येतं. फट शून्य असली की व्यंजन जन्मतःच चिखलात. तिसरं, घुमण्यातला जाड आणि कर्कश भाग कापायची बटणं. जाड भाग कापला नाही तर सगळं घुम्म. पण छोट्या मिक्सरवर यातलं काहीच दिलेलं नसतं. तिथे एकच गोल नॉब असतो आणि तो फिरवला की नंबर बदलतो: हॉल, रूम, प्लेट, डिले, इको, कराओके. एका मिक्सरवर तर ‘कॅथेड्रल’ लिहिलेलं पाहिलं. युरोपातल्या दगडी चर्चचं घुमणं, आणि मिक्सर ठेवलेला आमच्या जाकादेवीच्या रस्त्यावरच्या एका सभामंडपात. साऊंडवाल्याला विचारलं, हा नंबर का? म्हणाला, “सर, आधीच्या कार्यक्रमात होता. राहिला तसाच.”

राहिला तसाच! आपल्या अर्ध्या सार्वजनिक जीवनाचं स्पष्टीकरण या दोन शब्दांत आहे. असो.

आता काका. त्यांचं नेमकं काय हरवलं?

आपण बोलतो तेव्हा स्वर लांब असतात आणि जोरात असतात. अ, आ, ओ. व्यंजनं छोटी आणि दुबळी. त, थ, स, श, च यांचं अस्तित्व काही मिलिसेकंदांचं आणि तेही वरच्या पट्टीत, बारीक. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. ‘साठ’मधला ठ आणि ‘सात’मधला त यांच्यातला फरक जिभेच्या जागेचा आणि श्वासाच्या एका झुळकीचा. मागून ‘साऽऽ’ची शेपटी आली की ती झुळूक तिच्याखाली गाडली जाते. मराठीत असे जोडीदार पावलोपावली आहेत. पाट आणि पाठ, काटा आणि काठा. घुमणाऱ्या मंडपात या जोड्या एक होतात.

आणि दुसरं, जे मला फार उशिरा लक्षात आलं. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. हिंदीवाला ‘नहीं’ क्रियापदाच्या आधी टाकतो. इंग्रजीत तर ‘नो’ पहिलाच. आपण म्हणतो, “जमीन देणार नाही.” “आम्हाला मान्य नाही.” “सही केलेली नाही.” सगळा अर्थ फिरवणारा शब्द शेवटचा. आणि सवय नसलेला माणूस माईकवर बोलतो तेव्हा वाक्याच्या शेवटाला त्याचा आवाज खाली जातो, श्वास संपलेला असतो. म्हणजे ‘नाही’ सगळ्यात हळू. त्याच वेळी ‘देणार’ची पहिली, दुसरी, तिसरी नक्कल पूर्ण जोरात येत असते. देणार णार णार णार. ‘नाही’ कुठे गेलं ते परमेश्वराला माहीत. माझं रेकॉर्डिंग अजून आहे. दहा-बारा वेळा ऐकल्यावर आणि काय म्हणायचं होतं ते आधीच कळलेलं असल्यावरच ते ‘नाही’ ऐकू येतं.

म्हणून म्हणतो, हा हौशी लोकांचा विषय नाही. हा कुणाचं म्हणणं कागदावर जातं त्याचा विषय आहे.

पर्यावरणाच्या जनसुनावणीचे नियम वाचा. १४ सप्टेंबर २००६ची केंद्राची अधिसूचना, तिचं चौथं परिशिष्ट. हजर असलेल्या प्रत्येकाला बोलायची, माहिती मागायची संधी द्यायची. सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं आणि त्याची प्रत वर पाठवायची. लोकांनी मांडलेली मतं आणि चिंता बरोबर दाखवणारा गोषवारा लिहायचा आणि शेवटी तो स्थानिक भाषेत समजावून लोकांसमोर वाचून दाखवायचा. कागदावर सुंदर आहे. त्या दिवशी गोषवारा वाचलाही गेला, मी साक्षीदार आहे. त्याच माईकवरून. त्याच इकोमधून. कुणी हरकत घेतली नाही, कारण काय वाचलं तेच समजलं नाही.

चित्रीकरणाचं तर त्याहून वाईट. कॅमेरावाला आवाजाची वायर मिक्सरमधून घेतो. मिक्सरमधून इको मिसळलेलाच आवाज निघत असेल तर रेकॉर्डमध्ये कायमचा तोच. कोरडा आवाज रेकॉर्ड केला तर त्यावर उद्या हवा तेवढा इको घालता येतो. इको घातलेला आवाज मात्र धड कोरडा करता येत नाही. चहात साखर घालता येते, काढता येत नाही. बरं, हे टाळणं काही अवघड नाही. इको माईकच्या मूळ आवाजात मिसळत नाही, तो वेगळ्या वाटेने जाऊन परत येतो. जवळजवळ सगळ्या मिक्सरवर प्रत्येक माईकच्या पट्टीत ‘एफएक्स’ किंवा ‘ऑक्स’ नावाचा छोटा नॉब असतो. म्हणजे गाणाऱ्याच्या माईकला इको ठेवून बोलणाऱ्याच्या माईकचा शून्य करता येतो. एका सेकंदाचं काम. मी स्वतः करून पाहिलंय.

आता कॉमेंटमध्ये येणारे मुद्दे आधीच घेतो.

“इकोने आवाजाला वजन येतं.” हे मी पुढाऱ्यांकडून ऐकलंय, सरपंचांकडून ऐकलंय, एका निवृत्त मुख्याध्यापकांकडूनसुद्धा ऐकलंय. साऊंडवाला सांगतो, नेते स्टेजवर येतात, हॅलो हॅलो म्हणतात आणि पहिलं वाक्य, “जरा इको वाढव रे.” त्याची चूक काय? ज्याचा हात पैसे देतो त्याचं ऐकावं लागतं. आणि नेत्याचं जमतंही. त्याची वाक्यं ठरलेली, घोषणा ओळखीच्या, प्रत्येक वाक्यानंतर टाळ्यांसाठी थांबायची सवय. त्या थांबण्यात शेपटी मरून जाते. समोरचे शब्द ऐकायला आलेले नसतातच. मारलं जातं ते काकांसारख्या माणसाला, ज्याच्याकडे दोन मिनिटं आहेत, सांगायचं पुष्कळ आहे, थांबायची सोय नाही आणि जो म्हणतोय ते आधी कुणाला माहीत नाही. नेत्याच्या आवाजावर लावून ठेवलेल्या मिक्सरवर नागरिकाने बोलायचं, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही.

“मग भजनात, नमनात काय करायचं?” तिथे ठेवा ना. मी इकोचा शत्रू नाही. गवळणीतली लांबवलेली तान घुमली तर कानाला गोड लागते, बुवांनी सूर लावून सोडला आणि तो हवेत राहिला तर माझंही डोकं डोलतं. पण जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात तेव्हा खेळ कशाचा असतो? शब्दाचा. एका शाहिराने कोडं घालायचं, दुसऱ्याने उकलायचं. कोडंच धड ऐकू आलं नाही तर उकलणार काय? हल्लीच्या बाऱ्यांना मागे उभं राहून पाहा. ढोलकी आणि इको, इको आणि ढोलकी. म्हातारी माणसं, ज्यांना त्या पदांतल्या पुराणकथा ठाऊक आहेत, ती लवकर उठून जातात. आपण म्हणतो, नव्या पिढीला आवड नाही. बालगंधर्वांच्या ऐन उमेदीच्या काळात रंगमंचावर माईक नव्हता आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जायचा, हेही लक्षात ठेवा. ते सगळं आवाजाच्या जोरावर नव्हतं, उच्चार होते.

“आमचं देऊळ मुळातच घुमतं, त्याला काय करणार?” हा मुद्दा खरा आहे. जुनं देऊळ म्हणजे जांभ्याच्या खडबडीत भिंती, लाकडी खांब, वर कौलं, बाजू उघड्या. आवाज जायला शंभर फटी. जीर्णोद्धार म्हणून आपण काय केलं? वर स्लॅब, खाली ग्रॅनाईट, भिंतीला चकचकीत टाईल्स, सरकत्या काचा. बघायला छान. पण आता त्यातलं काहीच आवाज शोषत नाही.

याचा हिशोब सव्वाशे वर्षांपूर्वी झालेला आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने नवीन सभागृह बांधलं आणि त्यात प्राध्यापकांचं बोलणं मुलांना समजेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबाईन नावाच्या तरुण अध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री, सगळं शांत झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा आणि घड्याळ लावून घुमणं मोजायचा. त्यातून सूत्र निघालं. खोलीचं घनफळ जितकं जास्त तितकं घुमणं जास्त, शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितकं कमी.

त्या सूत्रात आपला सभामंडप घालून पाहिला. वीस मीटर लांब, बारा रुंद, सहा उंच. सगळं टाईल आणि प्लास्टर, दारं-खिडक्या बंद. रिकामा असेल तर घुमणं नऊ सेकंदांच्या आसपास. चाळीस माणसं बसली की पाच सेकंद. दोनशे बसली की दोन. (माणूस हा उत्तम शोषक आहे, कपड्यांसकट.) बोलणं नीट समजायला एका सेकंदाच्या आत हवं. म्हणजे चाळीस माणसांच्या ग्रामसभेत खोलीच पाच सेकंद घुमतेय आणि त्यावर आपण ‘कॅथेड्रल’ लावतो! विजापूरच्या गोल घुमटात एक टाळी वाजवली की अनेकदा परत ऐकू येते. पण तो घुमट बांधणाऱ्यांनी तिथे वॉर्डातल्या पाण्याची चर्चा करायची ठेवली नव्हती.

अशा मंडपात उपाय यंत्रात नाही. दारं-खिडक्या उघडा, मागच्या भिंतीला जाड सतरंज्या टांगा, जमिनीवर जाजम घाला, माईक तोंडाजवळ धरा आणि आवाज कमी करा. हो, कमी. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं.

स्टिरिओबद्दलही सांगायचं राहिलं. हल्ली दोन्ही बाजूंच्या बॉक्सना वेगवेगळा आवाज जातो. रिव्हर्बमध्ये डावी आणि उजवी बाजू मुद्दाम थोडी वेगळी ठेवतात म्हणजे आवाज रुंद वाटतो. डिलेमध्ये ‘पिंगपाँग’ असतं, एक नक्कल डावीकडून, पुढची उजवीकडून. हेडफोनवर मस्त वाटतं. पण ही रुंदी बरोबर मध्ये बसलेल्यासाठी असते आणि मध्ये कोण बसतं? पहिल्या रांगेतले पाहुणे. आपल्या सभेत बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. म्हणजे बायकांना एका बॉक्सच्या नकला, पुरुषांना दुसऱ्याच्या. कार्यक्रम फेसबुकवर लाईव्ह चालू असेल आणि घरचा माणूस मोबाईलच्या एकाच स्पीकरवर ऐकत असेल तर तिथे डावं-उजवं एकत्र होतं आणि काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. आवाज पोकळ होतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मुंबईत बसून गावची सभा बघणाऱ्या चाकरमान्यांनी आठवून बघा. बोलण्याच्या कार्यक्रमात दोन्ही बाजूंना एकच आवाज द्या. मोनो. त्यात कमीपणा काही नाही.

गंमत अशी की डिलेचा एक उपयोग सभेत खरोखर लागतो आणि तो मात्र कुणी करत नाही. मैदान लांब असलं की मागच्यांसाठी मध्ये बॉक्स लावतात. आवाज हवेतून सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो, वायरमधून मात्र लगेच पोचतो. बॉक्स स्टेजपासून चाळीस मीटर मागे असेल तर तिथल्या माणसाला आधी जवळचा आवाज ऐकू येतो आणि सेकंदाच्या एक नवमांश उशिराने स्टेजवरचा. म्हणजे इको न लावताही इको! मागच्या बॉक्सचा आवाज ११५ मिलिसेकंद थांबवला आणि वर दहा-पंधरा दिले की दोन्ही एकत्र पोचतात आणि कानाला वाटतं, आवाज स्टेजवरूनच येतोय. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९च्या सुमारास हे प्रयोग करून दाखवलं. कानाला पहिला आवाज जिथून आला तीच दिशा खरी वाटते, मागून तीसेक मिलिसेकंदांत आलेला आवाज त्यात विरघळून जातो. हे थांबवणारं यंत्र मोठ्या डीजेंच्या रॅकमध्ये असतंच. मिरवणुकीत छातीवर बसणाऱ्या बेससाठी आपण ते वापरतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ‘पाणीपट्टी’ हा शब्द नीट ऐकू यावा म्हणून नाही वापरत.

साऊंडवाल्यांना शिव्या द्यायला ही पोस्ट नाही. त्यातली बरीच पोरं माझ्या ओळखीची आहेत. रात्री दोनला बॉक्स टेम्पोत चढवतात, सकाळी सातला दुसऱ्या गावात उतरवतात. त्यांना कुणी कधी शिकवलेलं नाही, ऑर्डर मिळते ती बॉक्सच्या संख्येवर. “शब्द समजले का?” असा प्रश्न बिल देताना त्यांना कुणी विचारलेला नाही. माझ्या ओळखीचा तो म्हणाला, “दादा, इको कमी केला की लोक बोलतात, मशीन हलकं आणलंय.” हे आपण बोलतो. आपणच.

आणि आम्ही पत्रकार? आम्ही बॉक्सजवळच्या खुर्चीत बसतो, चहा येतो, प्रेसनोट येते. भाषणातलं समजलं नाही तर प्रेसनोट छापतो. प्रेसनोट कोण देतं? ज्याच्याकडे टायपिंगला माणूस आहे तो. काकांकडे नव्हता.

ग्रामपंचायतींना, नगरपरिषदेला, प्रांत-तहसील कार्यालयांना लेखी मागणी करतोय. सभेच्या साऊंडच्या वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: बोलण्याच्या माईकवर कोणताही इफेक्ट नको, चित्रीकरणाला कोरडा आवाज द्यावा. सुरू करण्याआधी शेवटच्या रांगेत एक माणूस बसवा, स्टेजवरून दहा आकडे वाचा, त्याने लिहून घ्यावेत. सात, साठ, सत्तर, सतरा, सदुसष्ट. दहाच्या दहा बरोबर आले तर सभा सुरू. यासाठी कुठल्या निधीची गरज नाही. अर्जाचा मसुदा तयार आहे, ज्यांना आपल्या गावात द्यायचा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये मागा.

येत्या ग्रामसभेला मी जाणार आहे. खिशात चिकटपट्टीचं बंडल घेऊन. मिक्सरवाल्याला आधीच फोन केलाय, एफएक्सचे नॉब शून्यावर आणून त्यावर पट्टी मारायची असं ठरलंय. तो हसला, म्हणाला, “मारा दादा, पण सरपंचांना तुम्हीच सांगा.” सांगतो. काकांनाही बोलावलंय. गावाबाहेरचे आहेत, बोलायला उभे राहता येणार नाही त्यांना, पण शेवटच्या रांगेत बसून आकडे लिहायला तयार झालेत.